पवईचे चुंबक आणि अंधेरीचे हिरे

राष्ट्रीय क्वांटम अभियानाची चार केंद्रे २०२४ साली जाहीर झाली, तेव्हा संगणनाचे केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे गेले, संदेशवहनाचे मद्रास आयआयटीकडे आणि पदार्थ व उपकरणांचे दिल्ली आयआयटीकडे. मुंबईच्या उपनगरातील पवईच्या आयआयटीच्या वाट्याला आले ते संवेदन आणि मापन. ज्यांची विज्ञानाशी ओळख वृत्तपत्रांच्या मथळ्यांपुरती असते, त्यांना ही वाटणी मुंबईला उणेपणा आणणारी वाटली तर नवल नाही. यंत्र बांधणारा तो कर्ता आणि मोजमाप घेणारा तो कारकून, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. ती किती फसवी आहे हे पाहावयाचे असेल, तर भौतिकीच्या ज्या एका शाखेकडे गेल्या दशकात साऱ्या जगाचे लक्ष लागले आहे तिच्याकडे वळावे. जेमतेम एका रेणूच्या जाडीच्या अर्धसंवाहक थरात चुंबकत्व उत्पन्न करणे, हा त्या शाखेचा ध्यास आहे. तेथे नव्या पदार्थांची उणीव नाही, कल्पनांची तर मुळीच नाही. टंचाई आहे ती विश्वासार्ह मापनाची.

हे पदार्थ सामान्य माणसाला सर्वस्वी अपरिचित आहेत असेही नाही. मोटारीच्या कारखान्यात ‘मॉली ग्रीस’ म्हणून जे काळपट वंगण वापरतात, त्यातील मॉली म्हणजे मॉलिब्डेनम डायसल्फाइड. मॉलिब्डेनमच्या अणूंचा एक पापुद्रा, त्याच्या वर आणि खाली गंधकाचा एकेक पापुद्रा, असा त्याचा थर असतो. थराच्या आतील बंध पक्के, परंतु दोन थरांमधील आकर्षण अगदी क्षीण. म्हणून थर एकमेकांवरून घसरतात आणि वंगणाचे काम होते. याच क्षीण बंधामुळे हे थर सुटेही करता येतात. मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलॉव्ह यांनी २००४ साली ग्रॅफाइटवर साधी चिकटपट्टी लावून व उचलून कार्बनचा एकेरी थर वेगळा केला. त्या कामाला २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीच युक्ती मॉलिब्डेनम डायसल्फाइडला लागू पडते. त्याच्या एका थराची जाडी सुमारे ०.६५ नॅनोमीटर. असे दीड कोटी थर एकावर एक रचले तर एक सेंटिमीटर उंची भरेल. ग्राफीन हा उत्तम वाहक आहे, पण विद्युत्प्रवाह हवा तेव्हा अडविण्याचा अर्धसंवाहकाचा गुण त्याच्यात नाही. तो या गंधकाच्या संयुगात आहे, आणि एकेरी थरात तर तो २०१० साली अधिकच ठळकपणे दिसून आला. पवईच्या प्रयोगशाळांत या वर्गातील पदार्थांच्या ट्रान्झिस्टरांवर दहा वर्षांहून अधिक काळ काम चालू आहे.

आता यात चुंबकत्व कशासाठी? आजच्या संगणकात हिशेब करणारा भाग आणि आठवण ठेवणारा भाग वेगवेगळे असतात. हिशेब सिलिकॉनमध्ये होतो, तो इलेक्ट्रॉनचा विद्युत्भार हलवून; वीज गेली की तो पुसला जातो. हार्ड डिस्कवरील नोंद चुंबकीय असते, ती वीज गेली तरी टिकते. या दोहोंमध्ये माहितीची सतत ने-आण करावी लागते आणि विजेचा मोठा वाटा त्या हेलपाट्यांतच खर्ची पडतो. गोदाम मुलुंडला आणि दुकान बोरिवलीला ठेवून दर गिऱ्हाइकासाठी टेम्पो धाडणाऱ्या व्यापाऱ्याची जी गत, तीच या यंत्राची. इलेक्ट्रॉनला भाराबरोबर परिवलन म्हणून आणखी एक गुण असतो आणि चुंबकत्वाचे मूळ त्यात आहे. हा गुण किती उपयोगी पडू शकतो हे फर्ट आणि ग्रुनबर्ग यांच्या १९८८ च्या शोधाने दाखवून दिले; त्यावरच हार्ड डिस्कची पुढील सारी वाढ झाली आणि २००७ साली त्यांना नोबेल मिळाले. अर्धसंवाहकालाच चुंबकत्व देता आले, तर हिशेब आणि स्मरण एकाच जागी होऊ शकेल. आकांक्षा एवढी सरळ आहे.

मार्ग मात्र तितका सरळ नाही. पातळ थरात चुंबकत्व टिकणे हेच मुळी अवघड. सर्व दिशा सारख्याच असलेल्या द्विमितीय पदार्थात उष्णतेची अल्पशी चळवळदेखील चुंबकीय शिस्त मोडून टाकते, असे मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ साली गणिताने सिद्ध केले होते. त्यातून सुटका एकच: पदार्थाने एखादी दिशा पसंत केली पाहिजे. अशी पसंती असलेले दोन पदार्थ २०१७ साली पुढे आले. सिएटल येथील गटाने क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकेरी थर चुंबकीय असल्याचे दाखविले आणि बर्कलीच्या गटाने क्रोमियम, जर्मेनियम व टेल्युरियम यांच्या संयुगात, दोन थरांपर्यंत, तेच दाखविले. पण पहिल्याचे चुंबकत्व ४५ केल्विनला, म्हणजे शून्याखाली २२८ अंश सेल्सियसला मावळते. शिवाय तो उघड्या हवेत लवकर नासतो.

म्हणून दुसरा विचार असा, की जे अर्धसंवाहक टिकाऊ व ओळखीचे आहेत, पण मुळात चुंबकीय नाहीत, त्यांच्यात चुंबकत्व आणवावे. यासाठी एक तर परक्या अणूंची मिसळ करतात. दक्षिण कोरियातील संशोधकांनी टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये व्हॅनेडियम आणि न्यू जर्सीतील संशोधकांनी मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये लोह मिसळून, सामान्य तपमानाला चुंबकत्व आढळल्याचे २०२० साली प्रसिद्ध केले. काही जण थरात मुद्दाम अणूंच्या रिकाम्या जागा पाडतात, काही दोन थर एकमेकांवर किंचित पिळून ठेवतात. सर्वांत मनोरम मार्ग सहवासाचा. टंगस्टन डायसेलेनाइडचा थर क्रोमियम ट्रायआयोडाइडवर नुसता टेकवून ठेवला असता त्यातील इलेक्ट्रॉनांची परिवलने अशी वागू लागली, की जणू त्यांच्यावर १३ टेस्लाचे क्षेत्र आहे. इस्पितळातील एमआरआय यंत्राचे क्षेत्र सामान्यतः दीड किंवा तीन टेस्ला असते. एका पदार्थाचा एकही अणू दुसऱ्यात गेलेला नाही. ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आपल्या शेतकऱ्याने भौतिकीसाठी केली नव्हती. पण इतकी चपखल ती बैलांनाही क्वचितच लागू पडली असेल.

परंतु खरा प्रश्न याच्या पुढे उभा राहतो. गुण लागला हे कशावरून ठरवायचे? या क्षेत्राचा इतिहास या बाबतीत सावध करणारा आहे. जपानमध्ये हिदेओ ओहनो यांनी १९९६ साली गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज मिसळून चुंबकीय अर्धसंवाहक केला. तो अस्सल होता, पण सारे प्रयत्न करूनही त्याचे चुंबकत्व २०० केल्विनच्या आसपासच अडकून राहिले. २००० साली एका सैद्धांतिक लेखाने जस्ताच्या ऑक्साइडसारख्या पदार्थांत सामान्य तपमानाचे चुंबकत्व शक्य असल्याचे सांगितले, आणि मग ऑक्साइडांची लाटच आली. त्या लाटेत महाराष्ट्राचाही वाटा होता. पुणे विद्यापीठात घडलेले व त्या काळी अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात काम करणारे डॉ. सतीशचंद्र ओगले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोबाल्ट मिसळलेल्या टिन ऑक्साइडमधील उच्च तपमानाच्या चुंबकत्वाचा निबंध २००३ साली प्रसिद्ध केला. तो फार चर्चिला गेला. अशा ऑक्साइडांत मिसळलेल्या अणूंचा वाटा किती आणि स्फटिकातील दोषांचा किती, यावर जगभर पुढे वर्षानुवर्षे खल झाला आणि खुद्द ओगल्यांनी २०१० साली त्या साऱ्या प्रश्नाचा विस्तृत आढावा घेतला.

या वादांत एक प्रसंग मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २००४ साली हाफ्नियम ऑक्साइड या सर्वथा अचुंबकीय समजल्या जाणाऱ्या पदार्थाच्या पातळ पटलांत डब्लिनच्या एका नामांकित गटाला चुंबकत्व आढळले. पुढच्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी तसेच पटल तयार करून तपासले, तेव्हा चुंबकत्व मिळेना. मात्र पटल पोलादी चिमट्याने हाताळले की ते लगेच मिळू लागले. चिमट्याचा सूक्ष्म अंश त्याला लागत होता. द्विमितीय पदार्थांच्या युगातही याची पुनरावृत्ती झाली आहे. व्हॅनेडियम डायसेलेनाइडच्या एकेरी थरात सामान्य तपमानाला प्रबळ चुंबकत्व असल्याचे २०१८ साली जाहीर झाले आणि त्याच सुमारास इतर प्रयोगशाळांना ते सापडले नाही. येथे कोणाच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. मोजावयाची वस्तूच इतकी अल्प आहे, की मोजणाऱ्याच्या बोटांची धूळ तिच्यापेक्षा मोठी ठरते.

थोडा हिशेब केला तर हे पटेल. पाच मिलिमीटर बाजूच्या चौरसावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी थर पसरला, त्यातील मॉलिब्डेनमच्या शंभर जागांपैकी दोन जागी चुंबकीय अणू बसविले आणि प्रत्येकाचे चुंबकत्व एका इलेक्ट्रॉनाएवढे धरले, तर त्या सर्वांची बेरीज एक सहस्रांश मिलिमीटरच्या तिपटीएवढ्या एका लोखंडी कणाच्या चुंबकत्वाइतकी भरते. माणसाचा केस याच्या वीसपट तरी जाड असतो. ज्या शहरात लोखंडी चाके लोखंडी रुळांवर पहाटे चारपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत घासत असतात, तेथे असा कण शोधायला दूर जावे लागत नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे एक जुनाच पेच नव्या रूपात समोर येतो. नवा चुंबकीय थर सापडल्याची घोषणा करणाऱ्याला निबंध मिळतो, अनुदान मिळते, कीर्ती मिळते. तो थर पुन्हा तयार करून तपासणाऱ्याला, आणि विशेषतः ‘येथे काही नाही’ असे सांगणाऱ्याला, जवळजवळ काहीच मिळत नाही. लाभ मात्र साऱ्यांचा होतो, कारण चुकीच्या वाटेवर खर्ची पडणारी शेकडो मनुष्यवर्षे वाचतात. ज्या सेवेचा लाभ सर्वांना आणि मोबदला कोणालाच नाही, ती बाजार पुरवीत नाही. दीपस्तंभाचे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून देऊन देऊन गुळगुळीत झाले आहे. पडताळणीची प्रयोगशाळा हे त्याचे अधिक ताजे उदाहरण ठरावे.

पवईला मिळालेल्या कामाचे मोल यामुळे कळते. चुंबकत्व स्थानिक पातळीवर, थराच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी आहे हे पाहण्याचे एक साधन म्हणजे हिरा. हिऱ्याच्या स्फटिकात कार्बनच्या एका अणूऐवजी नायट्रोजन बसला आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तर त्या दोषावर हिरवा प्रकाश टाकताच तांबडा प्रकाश बाहेर पडतो आणि त्याची तीव्रता भोवतालच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे बदलते. न्यू जर्सीतील लोहमिश्रित थराचे चुंबकत्व मोजण्यासाठी अशाच हिऱ्याचा आधार घेतला गेला होता. संपूर्ण नमुन्याचे एकत्रित मोजमाप घेणाऱ्या यंत्राला धुळीचा कण आणि थर यांतील भेद कळत नाही. हिऱ्याला तो कळू शकतो, कारण तो क्षेत्राचा नकाशाच काढतो. पवईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागातील प्रा. कस्तुरी साहा यांचा गट या तंत्रावर काम करीत आला आहे आणि २०२४ साली इलेक्ट्रॉनिक चकत्यांच्या अंतरंगातील प्रवाह अशा हिऱ्याने पाहण्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्यांच्याशी सहकार्य जाहीर केले.

येथे उपनगराच्या भूगोलातील एक विसंगती नजरेत भरते. पवईपासून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने थोड्याच अंतरावर अंधेरीचे सीप्झ आहे. १९५८ साली युनेस्कोमार्फत आलेल्या सोविएत साहाय्याने आयआयटी निघाली. १९७३ साली केवळ इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी हे क्षेत्र निघाले. एकीकडे शिकलेले अभियंते, दुसरीकडे करमुक्त कारखाने. सहवासाने गुण लागावा अशी याहून चांगली मांडणी कागदावर तरी शक्य नव्हती. प्रत्यक्षात जुळणीपलीकडे इलेक्ट्रॉनिकी फारशी गेली नाही, १९८०च्या दशकात तेथे जडजवाहिराला मुभा मिळाली आणि आज सीप्झचे नाव निघते ते हिरेजडित दागिन्यांसाठी. दागिन्यांच्या कारागिरीला कमी लेखण्याचे कारण नाही, त्यावर हजारो कुटुंबे जगतात. पण क्षेत्राला आयातशुल्काची सवलत दिली म्हणजे ज्ञान आपोआप झिरपेल, हा हिशेब चुकला एवढे खरे. बैल शेजारी बांधले, मध्ये भिंत ठेवली. आणि आज स्थिती अशी की एका बाजूला हिऱ्यातील दोष शोधून त्याची किंमत उतरविणारे डोळे आहेत, दुसऱ्या बाजूला त्याच हिऱ्यात नेमका एक दोष मुद्दाम निर्माण करू पाहणारे संशोधक आहेत. अर्थात मापनासाठी लागणारा हिरा प्रयोगशाळेत वाढविलेला व अतिशुद्ध असावा लागतो, तो दागिन्यांच्या बाजारातला नव्हे. तरीही हिरा कापणे, घासणे, पारखणे या कौशल्यात मुंबई-सुरतेचा हात धरणारे जगात थोडेच आहेत, आणि त्या कौशल्याचा पवईला उपयोग नाही असे समजणे म्हणजे भिंत आणखी एक हात उंच करणे होय.

असा आक्षेप घेतला जाईल, की देशाला आधी चकत्यांचे कारखाने हवेत, अणुमात्र थरांचे चुंबकत्व नंतर पाहता येईल. आक्षेप क्षुल्लक नाही. मोहालीचा सरकारी कारखाना १९८९ साली आगीत सापडल्यापासून या देशाने अर्धसंवाहकांत जी वर्षे गमावली त्यांची भरपाई व्हावी, हे कोणीही मान्य करील. त्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटींची योजना झाली, आणि धोलेरा येथील ९१,००० कोटींच्या कारखान्याला २०२४ साली मंजुरी मिळाली. अशा प्रकल्पाच्या खर्चाचा निम्मा भार केंद्र उचलते. त्याच्या शेजारी संपूर्ण क्वांटम अभियानाची आठ वर्षांची तरतूद ६,००३.६५ कोटी आहे. कारखाना उभारण्याला विरोध नाही. पण कारखान्यात येणारे तंत्र दुसऱ्याने वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत मोजून पारखून ठेवलेले असते आणि त्या पारखीची किंमत परवान्याच्या रूपाने आपण भरीत असतो. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनचा दोन टक्क्यांच्या वर आणि दक्षिण कोरियाचा चार टक्क्यांच्या वर आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला एक लाख कोटींचा संशोधन निधी ही उणीव भरून काढील, असे म्हणावे तर तो मुख्यतः खाजगी उद्योगांना अल्पव्याजाने दीर्घ मुदतीचे साहाय्य देण्यासाठी आहे, आणि तोही ज्यांचे तंत्र काही पायऱ्या चढून गेले आहे त्यांना. पहिल्या पायरीवरची पडताळणी त्यात बसत नाही.

उलट, या विषयाचा डांगोरा पिटणाऱ्यांचेही ऐकू नये. द्विमितीय चुंबकाचा संगणक पाच वर्षांत घरोघर येईल असे सांगणारे अनुदानाचे अर्ज लिहीत असतात, विज्ञान नव्हे. सामान्य तपमानाला, मोठ्या क्षेत्रफळावर, दोन वेगळ्या प्रयोगशाळांत सारखाच मिळणारा चुंबकीय अर्धसंवाहक थर अद्याप कारखान्याच्या दारापर्यंत आलेला नाही. म्हणून आताच येथे शिरकाव करणे स्वस्त आहे.

तो शिरकाव यंत्रांच्या खरेदीने पुरा होत नाही. अतिशीत मोजमापासाठी द्रव हेलियम लागतो आणि भारत हेलियम आयात करतो. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला ही कोकणातील आवडती कथा आहे. १८६८ च्या ग्रहणात झान्सेन होता तो गुंटूरला आणि लॉकयरने आपले निरीक्षण केले ते इंग्लंडमध्ये. या वायूच्या अभिमानापेक्षा त्याच्या बचतीची अधिक गरज आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत द्रवीकरणाची व्यवस्था जुनी आणि अनुभवी आहे. वापरलेला वायू गोळा करून पुन्हा द्रव करण्याची सोय कुलाबा, पवई आणि तुर्भे यांनी समाईक केली, तर एका शहरात तीन ठिकाणी तीच टंचाई भोगावी लागणार नाही.

माणसांचा प्रश्न याहून बिकट आहे. पवईच्या नॅनोइलेक्ट्रॉनिकी केंद्राची दारे बाहेरच्या संशोधकांना २००८ पासून एका सरकारी कार्यक्रमाद्वारे उघडी आहेत आणि देशभरातील लोकांनी त्याचा लाभ घेतला आहे. पण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या महाविद्यालयांत भौतिकी घेऊन बी.एस्सी. होणारा विद्यार्थी तेथवर पोचत नाही. तो बँकेच्या परीक्षेला बसतो, किंवा सीप्झमध्येच संगणकाच्या कंपनीत रात्रपाळी करतो. पातळ थर हाताळणे, पोलादी चिमट्याऐवजी प्लॅस्टिकचा वापरणे, यंत्राचा शून्यबिंदू रोज सकाळी तपासणे, कोऱ्या काचपट्टीचे मोजमाप आधी घेणे, ही कामे डॉक्टरेटची नाहीत. ती चिकाटीची आहेत, आणि कायम पगारावरचा, दहा वर्षे त्याच यंत्रापाशी बसलेला मनुष्यच ती नीट करतो. आज ही कामे दोन-तीन वर्षांच्या पाठ्यवृत्तीवरील विद्यार्थी करतात आणि हात बसला की परदेशी जातात. मापन केंद्राच्या तरतुदीतून अशा तंत्रज्ञांची पन्नास कायम पदे निर्माण करावीत, भरती उपनगरांतील महाविद्यालयांतून करावी, आणि देशातील कोणत्याही प्रयोगशाळेने चुंबकत्वाचा दावा केलेला थर त्यांच्याकडे विनामूल्य तपासून मिळावा. निष्कर्ष होकारार्थी असो वा नकारार्थी, तो प्रसिद्ध व्हावा. अभियानाची मुदत २०३०-३१ साली संपते. पदे मंजूर होऊन माणसे तयार होईपर्यंत त्यांतील चार वर्षे तरी जातील.